भोपळ्याचा हिशेब

तीन हजार चारशे रुपये. दोन शाळेचे,
बाकीचे सूतवाल्या येमूल शेटचे, पावती नको म्हणाले.
एवढ्यात जंगल बसवायचं,
लेकीचं घर, तूप-रोटी, लांडगा, वाघ,
आणि गाणी. गाणी हवीतच, असं मोठ्या बाई म्हणाल्या,
जशी काय मंगळवार बाजारात किलोवर मिळतात.

गोष्ट सगळ्यांना येते, हीच अडचण.
पाचवी ब मध्ये विचारलं, सांगा बघू.
शबानाची म्हातारी उर्दूत निघाली,
मल्लम्माची कन्नडात,
श्रावणी गुर्रमच्या गोष्टीत लांडगाच नव्हता,
तेलुगूत तो वाटेत कुठं उतरला कोण जाणे.
मी तिघींना एकाच रस्त्याला लावलं
आणि रस्ता मराठीत ठेवला. बहुतेक.

पेटी आहे. वरचा कोमल निषाद मेलाय तिचा.
सगळ्या चाली त्याला वळसा घालून बांधल्या,
उघडं गटार दिसलं की पाय आपोआप वळतो तशा.
तबलजी पाचशे मागत होता.
मग पोरांच्या आया आल्या, विडी वळायची सुपं घेऊन,
रोजच्या हजार विड्यांची बोटं,
सुपाच्या पाठीवर अशी पडली
की मी वहीतला तबलजी खोडला.
शाळेमागचे चार माग तालमीतही थांबत नव्हते.
मालकाला सांगून पाहिलं. शेवटी
म्हातारीची चालच त्या खटखटीवर बसवली.

म्हातारी श्रावणीच. मनगट एवढंसं.
दुसऱ्या अंकाआधी तिच्या पोटावर
काठ फसलेले सात टॉवेल बांधायचे, सुतळीनं.
ती खाली बघत म्हणाली,
‘सर, आठ दिवसांत कुणी एवढं जाड होतंय का ओ?’
मी म्हणालो, गोष्टीत होतं.
‘मग तूप जरा जास्त दाखवा की.’
तुपाची वाटी मोठी केली. खर्च शून्य.

भोपळा मात्र खाऊन गेला सगळं.
बांबूच्या कामट्या, चार बेअरिंगं,
वर रंगाऱ्याकडच्या उरल्या पिवळ्या पाण्यात
बुडवलेलं कापड. वाळेना, वाळलं तर पोपटी दिसेना का!
कच्चा भोपळा आहे, म्हणालो. खपलं.
वाघाला पैसेच उरले नाहीत.
इरफान घरून चादर घेऊन आला,
तिच्यावर वाघ होताच, पिवळा, विणलेला,
एका डोळ्याचा धागा निघालेला.

प्रयोग शाळेच्या पटांगणात, संध्याकाळी सात.
लांडगा बरा झाला. पोरं नीट घाबरली.
मग भोपळा आला, आणि मधोमध अडला.
बेअरिंगात वाळू. आतून श्रावणी ढकलतेय,
सुपं वाजतायत, माग वाजतायत,
पुढची ओळ कुणी म्हणायची ते ठरलेलं नाही.
ती ओळ मी संहितेत लिहिलीच नव्हती,
सगळ्यांना येते ती, काय लिहायची.

ती पटांगणातूनच आली.
आधी एक बाई, मग सगळी रांग,
आणि भोपळा काही हलेना.

तेव्हा वाघ उठला. इरफाननं इकडं तिकडं पाहिलं,
चादर खांद्यावर सारली,
आणि दोन्ही पंजे लावून
भोपळा ढकलत नेला थेट पडद्याआड,
ज्याला खायचं त्यालाच घरी पोचवत.
‘वाघ ढकलूलालाय!’ कुणीतरी ओरडलं.
मी विंगेत डोकं धरून बसलो होतो.
टाळ्या पडल्या तेव्हा वाटलं, मलाच हसतायत.

रात्री हिशेब: सुतळी चाळीस, बेअरिंगं दोनशे साठ,
चहा, परत चहा, शेंगाचटणीच्या पुड्या.
अकरा रुपये कमी. ते माझे.
संहितेत काय बदलायचं ते नंतर बघू.
चादर मात्र रातोरात परत द्यायची होती,
इरफानच्या धाकट्या भावाचं अंथरूण ते.
मी गेलो तर दारात तो जागा,
घडी उलगडून पाहत होता,
वाघाच्या तोंडाला काही लागलंय का.